आंकड्याचें कुलूप

पन्नाशी उलटली म्हणजे माणसाला एखादा छंद असावा, असें सर्वच सुज्ञ लोक सांगतात. मात्र तो कोणता असावा याविषयींच्या त्यांच्या कल्पना फार मर्यादित असतात. बागकाम, संगीत, ज्ञानेश्वरीचें वाचन, फार तर जुनीं नाणीं गोळा करणें. यापलीकडे प्राध्यापकाच्या छंदानें पाऊल टाकूं नये असा शिष्टसंकेत आहे. आम्हांस जडलेला छंद या यादींत कोठेंच बसत नाहीं. आम्ही तिजोरीचीं कुलपें उघडतों. किल्लीनें नव्हे, तसें तर कोणीहि उघडील. ज्या कुलपांना किल्लीच नसते, ज्यांच्या तोंडावर शून्यापासून नव्याण्णवपर्यंत घरें आंखलेली एक तबकडी असते, आणि ठरलेले तीन आंकडे ठरलेल्या क्रमानें जुळविल्यावांचून जीं दाद देत नाहींत, तीं कुलपें आंकडे ठाऊक नसतांना उघडावयाचीं, हा आमचा अलीकडील वर्षांतला उद्योग आहे.

ही कबुली ऐकून वाचकांच्या मनांत जें येईल तें आमच्या शेजाऱ्यांच्या मनांत आधींच येऊन गेलें आहे. एका सद्गृहस्थांनीं तर ही वार्ता कानीं पडल्याच्या दुसऱ्याच दिवशीं आपल्या दाराला एक जादा कुलूप लावून घेतलें. त्यांच्या समाधानासाठीं येथें सांगून टाकतों कीं, या हौसेला स्वतःचा एक सदाचार आहे. जें कुलूप आपलें नाहीं तें उघडूं नये, आणि जें वापरांत आहे त्यावर, मग तें आपलें कां असेना, प्रयोग करूं नये, हे दोन नियम देशोदेशींची हौशी मंडळी कटाक्षानें पाळतात. जर्मनींत अशा मंडळींनीं १९९७ सालीं रीतसर संस्थाच काढली. तेथें बुद्धिबळाप्रमाणें कुलपें उघडण्याचे सामने होतात. शिवाय चोराला या विद्येचा उपयोगहि फारसा नाहीं. जें काम दांडगाईनें घटकाभरांत होतें त्यासाठीं दहा रात्री खर्च करण्याइतका निर्लोभ चोर आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

आमच्या हातीं पहिलें कुलूप आलें तें २०१९ च्या दिवाळींत. आमचा एक भाचा अमेरिकेंत असतो. त्याच्या शाळकरी वयांत आम्हीं त्याला रिचर्ड फेनमन या शास्त्रज्ञाच्या आठवणींचें पुस्तक वाचावयास दिलें होतें. त्याची फेड म्हणून कीं काय, त्यानें लांकडी फळीवर बसविलेलें तीन चाकांचें एक कोरें कुलूप आमच्या टेबलावर आणून ठेवलें आणि म्हटलें, "मामा, आतां नुसतं वाचूं नका." सोबत आंकडा बदलण्याची एक लहानशी किल्ली होती आणि एक कागद होता. कारखान्यांतून निघतांना कुलपाचे तिन्ही आंकडे पन्नासावर लावलेले असतात, ते ग्राहकानें ताबडतोब बदलून घ्यावे, असें त्या कागदावर बजावलें होतें. ही गोष्ट वाचकांनींहि ध्यानांत ठेवावी. पुढें तिच्याशीं काम आहे.

कुलपाची रचना थोडक्यांत अशी. तबकडीच्या मागें एक दांडा असतो. दांड्याच्या टोकाला त्याच्याबरोबरच फिरणारें एक मुख्य चक्र असतें आणि शेजारीं तीन सुटीं चाकें. प्रत्येक चाकाच्या कडेला एकच खांच. तबकडी एकाच दिशेनें फिरवीत राहिलें म्हणजे मुख्य चक्र शेजारच्या चाकाला, तें दुसऱ्याला आणि दुसरें तिसऱ्याला ढकलूं लागतें. आगगाडीचें इंजिन एकेका डब्याला हिसका देत सारी गाडी चालती करतें, तसें. चौथ्या फेऱ्यापर्यंत सर्व चाकें चालूं लागतात. मग दिशा बदलीत एकेक चाक त्याच्या त्याच्या आंकड्यावर सोडून द्यावयाचें. तिन्ही खांचा एका ओळींत आल्या कीं वरची आडवी पट्टी त्यांत उतरते, तिच्याबरोबर तरफेचें नाक मुख्य चक्राच्या खांचेंत अडकतें, आणि अडसर मागें ओढला जातो. एक जरी खांच जागेवर नसली तरी पट्टी अधांतरीं आणि कुलूप ढिम्म! शंभर घरें आणि तीन चाकें, म्हणजे एकंदर १०,००,००० जुळण्या झाल्या. मिनिटाला एक याप्रमाणें अहोरात्र बसलें तरी सर्व तपासावयास जवळजवळ दोन वर्षें लागतील. खऱ्या कुलपांत दोन्ही बाजूंस थोडी चूक खपते, त्यामुळें हा आंकडा बराच उतरतो. पण संसारी माणसाला परवडण्याइतका खासच नाहीं.

मग कुलूप उघडावयाचें कसें? चित्रपटांतला चोर डॉक्टरची नळी लावून 'खट्' असा आवाज ऐकतो व दार उघडतो. प्रत्यक्षांत कानांना येथें फारसें काम नसतें. सारा कारभार बोटांचा आणि डोळ्यांचा. तबकडी एका विशिष्ट जागीं आली म्हणजे तरफेचें नाक मुख्य चक्राच्या खांचेच्या एका कडेला टेकतें, आणि थोडें पुढें गेल्यावर दुसऱ्या कडेला. हे डावे-उजवे स्पर्श बोटांना स्पष्ट कळतात. ही खांच वर रुंद आणि खालीं निमुळती असते. म्हणून नाक जितकें खोल उतरेल तितके दोन्ही स्पर्श एकमेकांजवळ सरकतात. आतां गंमत अशी कीं, कोणत्याहि कारखान्यांत तीन चाकें तंतोतंत सारखीं बनत नाहींत. एक केसभर उंच राहतें आणि पट्टी त्या एकट्यावरच टेकते. त्या चाकाची खांच पट्टीखालीं आली तर पट्टी किंचित् खालीं जाते, आणि दोन स्पर्शांमधलें अंतर एखाद्या घराच्या आठव्या हिश्शानें कमी होतें. तेवढेंच हेरावयाचें! तिन्ही चाकें बरोबर नेऊन अडीच-अडीच घरांवर उभीं करीत जावयाचीं, म्हणजे एका पूर्ण फेरींत चाळीस ठिकाणें होतात. प्रत्येक ठिकाणचे दोन्ही स्पर्श आलेखाच्या कागदावर टिपावयाचे. जेथें दोन्ही रेषा एकमेकींकडे झुकतील तेथें जवळपास खांच आहे असें समजावें. मग ती कोणत्या चाकाची हें निराळें शोधावें, तें चाक तेथें ठेवावें, आणि उरलेल्या दोहोंकडे वळावें.

आंकडा बसविण्याचें काम आम्हीं सौभाग्यवतींकडे सोंपविलें. त्यांनीं तो दार लोटून बसविला, किल्ली पदराआड केली, आणि एका शब्दानेंहि मदत करणार नाहीं असें जाहीर केलें. पहिल्या आठवड्यांत आम्हीं जें केलें तें सांगावयास लाज वाटते. आम्ही अंदाज बांधीत बसलों. लग्नाची तारीख लावून पाहिली, मुलांच्या जन्मतारखा पाहिल्या, घराचा क्रमांक पाहिला. मग हा नाद सोडून आलेखाला हात घातला, तर तेथेंहि मन आडवें आलें. एकदां एका आंकड्याविषयीं संशय उत्पन्न झाला कीं त्याच्या आसपासचे सगळे स्पर्श आम्हांस जवळ आलेले दिसूं लागत. आम्ही कुलपाचा आलेख काढीत नसून आमच्या अपेक्षेचा काढीत होतों. वर्गांत तर्कशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला ही शोभा देणारी गोष्ट नव्हे. शेवटीं युक्ति केली ती अशी: स्पर्शांचे आंकडे नुसते वहींत उतरावयाचे, आणि फेरी पुरी होईपर्यंत ते कागदावर काढावयाचेच नाहींत. ही शिस्त लागल्यावर कुलूप बोलूं लागलें. अठराव्या रात्रीं, परीक्षेचे पेपर बाजूस सारून बसलों असतां, तबकडी फिरतां फिरतां एकाएकीं जड झाली आणि अडसर मागें सरला. आंकडा होता १७-६२-८४.

सौभाग्यवतींना उठवून विचारलें, "या आंकड्याचा अर्थ काय?"

त्या म्हणाल्या, "कांहीं नाहीं. अर्थ असता तर तुम्हीं तो पहिल्याच दिवशीं काढला असता."

या विद्येचा इतिहासहि मनोरंजक आहे. अल्-जझरी नांवाच्या यंत्रज्ञानें १२०६ सालच्या आपल्या ग्रंथांत चार तबकड्यांचें अक्षरकुलूप वर्णिलें आहे. प्रत्येक तबकडीवर सोळा अक्षरें. लंडनला १८५१ सालीं जें मोठें प्रदर्शन भरलें त्या वेळीं हॉब्ज या अमेरिकन कारागिरानें चब्ब यांचें प्रसिद्ध कुलूप सुमारें पंचवीस मिनिटांत उघडलें. नंतर त्यानें ब्रामा यांच्या दुकानांत कित्येक वर्षें दोनशें गिनींच्या आव्हानासह मांडलेलें कुलूप सोळा दिवसांत मिळून एक्कावन तास खपून उघडलें. हीं दोन्ही कुलपें किल्लीचीं. पण इंग्रजांच्या झोंपा उडावयास तेवढें पुरेसें झालें. या छंदाला राजाश्रयहि मिळाला आहे. फ्रान्सचा सोळावा लुई फावल्या वेळीं कुलपें बनवी, आणि गामँ नांवाचा कारागीर त्याचा गुरु होता. पुढें राज्यक्रांतींत, १७९२ च्या नोव्हेंबरांत, याच गुरूनें राजवाड्याच्या भिंतींतलें राजाचें गुप्त लोखंडी कपाट सरकारला दाखवून दिलें, आणि त्यांतले कागद राजावरील खटल्यांत पुढें आले. २१ जानेवारी १७९३ रोजीं राजाचा शिरच्छेद झाला. कुलूप शेवटपर्यंत इमानी राहिलें. फुटला तो माणूस!

फेनमनची गोष्ट याहून सौम्य आहे. दुसऱ्या महायुद्धांत लॉस अलामॉस येथें अणुबाँबवर काम चालू असतां हा तरुण शास्त्रज्ञ सहकाऱ्यांच्या तिजोऱ्या उघडून दाखवी, आणि त्याची मोठी कीर्ति झाली होती. त्याची खरी करामत वेगळीच होती. गप्पा मारतां मारतां तो उघड्या कपाटाच्या कुलपाशीं चाळा करी व शेवटले दोन आंकडे काढून घेई. मग एकाचाच शोध उरे. एका सहकाऱ्याचे तिन्ही आंकडे तर त्यानें गणितांतल्या एका प्रसिद्ध स्थिरांकावरून ओळखले. ते होते २७-१८-२८. युद्ध संपल्यावर तेथील एका बड्या अधिकाऱ्याची तिजोरी कोणास उघडेना. ती भोंक पाडूनच उघडावी लागणार असें ठरलें असतां, एका कुलूपकारागिरानें ती सहज उघडली. फेनमननें त्या माणसाशीं महाप्रयासानें ओळख वाढविली आणि रहस्य विचारलें. रहस्य एवढेंच निघालें कीं, त्यानें कारखान्याचा मूळ आंकडा लावून पाहिला होता, आणि त्या अधिकाऱ्यानें तो कधीं बदललाच नव्हता. ही कथा आम्ही विद्यार्थ्यांना कितीतरी वर्षें हंसत हंसत सांगत आलों. ती आपल्याच घरची आहे हें कळावयास मात्र २०२० साल उजाडावें लागलें.

त्या वर्षींच्या टाळेबंदींत सारें जग आपापल्या घरांत कुलूपबंद झालें. करावयास कांहीं नव्हतें. माळ्यावर वर्तमानपत्रांत गुंडाळलेलें एक जुनें कुलूप होतें, तें आम्हीं खालीं काढलें. तें आमच्या वडिलांच्या तिजोरीचें.

बाबा साताऱ्यास वकिली करीत. आपल्याकडे घरोघर दिसते ती किल्लीची तिजोरी. गोदरेज यांच्या कारखान्यांत १९०२ पासून तशा तिजोऱ्या निघूं लागल्या. बाबांची तिजोरी त्यांतली नव्हती. १९६८ सालीं मुंबईंत एका परदेशी पेढीचा गाशा गुंडाळला गेला, त्या लिलावांत त्यांनीं ती घेतली. आंकड्याची तिजोरी आमच्या आळींत दुसऱ्या कोणाकडे नव्हती. रोज संध्याकाळीं बाबा "दार ओढून घ्या" म्हणत, आणि आम्ही दोघे भाऊ बाहेर उभे राहून तबकडीची कुरकुर मोजीत असूं. कधीं बारा फेरे भरत, कधीं पंधरा. एवढे फेरे घ्यावे लागणारा आंकडा केवढा गहन असेल, याची आम्हांस भीतियुक्त आदरानें कल्पना करावी लागे.

बाबा १९९९ सालीं गेले. आंकडा त्यांनीं कोणास सांगितला नव्हता, निदान आमची तशी समजूत होती. आई आधींच गेली होती. तेराव्याला सगळे जमले असतां काकांनीं तिजोरीचा विषय काढला. दादा बाबांजवळ राहत असे. त्यानें "मी उघडूं शकत नाहीं" एवढेंच सांगितलें. तेव्हां सर्वांदेखत एक वाक्य बोललें गेलें: "इतकीं वर्षें जवळ राहून आंकडा ठाऊक नाहीं, हें पटत नाहीं." तें वाक्य काकांचें असतें तर हा निबंध लिहावा लागला नसता. तें आमचें होतें. आम्ही तीस वर्षांचे होतों, नुकतेच प्राध्यापक झालों होतों, आणि आमच्या जिभेला धार होती. दादानें आमच्याकडे पाहिलें आणि पुण्याहून मिस्त्री बोलावला. त्याचा खर्चहि त्यानेंच केला. चार तास पोलादावर भोंक पाडणें चाललें होतें. शेवटीं आंतली तरफ तुटली आणि दार उघडलें. जमिनीचे कागद होते, चांदीचे रुपये होते, आईच्या पाटल्या होत्या. बाबांच्या हातच्या यादीबरहुकूम एकूण एक वस्तु होती. कोणी कांहीं बोललें नाहीं. निघतांना एस्टीच्या थांब्यावर दादानें तें मोडकें कुलूप कागदांत गुंडाळून आमच्या हातीं दिलें. "घे. तुला त्याचं फार होतं ना!" त्यानंतर एकवीस वर्षें आम्ही भाऊ लग्नकार्यापुरते भेटत आलों.

रॉकेलमध्यें भिजवून आम्हीं कुलपाचा गंज काढला. तरफ तुटली होती, पण तबकडी, दांडा आणि चाकें शाबूत होतीं. मागचें झाकण उघडलें आणि तबकडी डावीकडे चार वेळां फिरविली. चाकें एकामागून एक चालूं लागलीं. पाहतों तों तिन्ही खांचा एकीखालीं एक, कवायतींतल्या शिपायांसारख्या उभ्या! त्या पट्टीच्या जागीं आणल्या आणि तबकडी पाहिली. ती पन्नासावर होती. आंकडा बदलण्याच्या किल्लीचें भोंक भिंगाखालीं धरलें. त्याच्या कडेला एकहि ओरखडा नव्हता. त्यांत कधीं किल्ली गेलीच नव्हती. लिलावांत बाबांना ती किल्ली मिळालीच नसावी! तीस वर्षें ते कारखान्याच्या आंकड्यावर तिजोरी चालवीत होते, आणि बाहेर उभ्या असलेल्या दोन मुलांना ऐकूं यावे म्हणून जादा फेरे घेत होते.

आम्ही त्या रात्रीं प्रथम खूप हंसलों आणि मग झोंप आली नाहीं. तर्कशास्त्राच्या दृष्टीनें पाहतां या शोधानें दादाविषयीं कांहींच सिद्ध होत नव्हतें. आंकडा सोपा होता एवढ्यावरून तो दादाला ठाऊक होता कीं नव्हता, हें ठरत नाहीं. परंतु तसें ठरविण्याची इच्छा आपल्या मनांत अजून शिल्लक आहे, हें ध्यानांत आलें आणि स्वतःचीच किळस आली. पहिल्या आठवड्यांत कुलपाचे आलेख आम्ही ज्या रीतीनें बिघडविले होते, त्याच रीतीनें १९९९ सालीं भावाचा चेहरा वाचला होता. मनांत आधीं संशय होता; मग त्याचें गप्प बसणें, मान खालीं घालणें, घाईनें मिस्त्री बोलावणें हें सारें त्या संशयाकडे झुकलेलें दिसत गेलें.

वाटा खुल्या झाल्यावर २०२१ च्या जानेवारींत आम्ही साताऱ्यास गेलों. दादा आतां साठीपुढचा. अंगणांत खुर्च्या टाकून बसलों. कुलूप पिशवींतून काढून त्याच्यापुढें ठेवलें आणि म्हटलें, "दादा, पन्नास."

त्यानें कुलपाकडे पाहिलें. बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "बाबांनीं शेवटच्या आजारांत मला सांगितलं होतं. 'बदलायची किल्ली माझ्याकडे नाहीं, रे,' म्हणाले. 'लिलाववाल्यानं दिलीच नाहीं. हें कोणाला सांगूं नकोस, सगळे हंसतील.'"

"मग तेराव्याला तूं उघडलीस कां नाहींस?"

"उघडली असती तर तूं काय म्हणाला असतास? आंकडा ठाऊक होता, म्हणजे आधींच उघडून झाली असेल. होय ना? आणि दुसरं म्हणजे, बाबांना जाऊन तेरा दिवस झाले होते. त्या दिवशीं, काकांपुढें, त्यांचं हंसं कशाला करायचं?" थोडें थांबून तो म्हणाला, "'उघडूं शकत नाहीं' म्हटलं होतं मी. ठाऊक नाहीं, असं म्हटलं नव्हतं. तूं तर्कशास्त्र शिकवतोस."

आम्हीं त्याची क्षमा मागितली. ती कोणत्या शब्दांत मागितली हें येथें लिहीत नाहीं. तीं वाक्यें फार वाईट रचलेलीं होतीं. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हां दादानें कुलूप मांडीवर ओढून घेतलें होतें. तो तबकडी फिरवूं लागला. डावीकडे चार फेरे घेऊन पन्नासावर आलें कीं काम झालें. पण तो थांबेना. पांच, सहा, सात... बाबांची ती जुनी कुरकुर अंगणांत ऐकूं येऊं लागली. आम्ही नकळत मोजूं लागलों. चौदाव्या फेऱ्याला तो पन्नासावर थांबला. तरफ तुटलेली असल्यामुळें अर्थातच कांहीं उघडलें नाहीं.

"बरोबर?" त्यानें विचारलें.

"एखादे वेळीं पंधरा असत," आम्ही म्हणालों.

कुलूप आम्हीं साताऱ्यासच ठेवून आलों. आमच्या टेबलावरच्या कुलपाचा आंकडा सौभाग्यवती आतां दर महिन्यास बदलतात, आणि आलेखाच्या दोन वह्या भरल्या आहेत. मात्र स्पर्श टिपून पुरे होईपर्यंत रेषा काढावयाची नाहीं, हा नियम आम्ही हल्लीं कुलपाबाहेरहि पाळण्याचा प्रयत्न करतों. तेथें तो फार कठीण जातो.